पर्यटकाचा रुपया साताऱ्यात किती थांबतो?

सप्टेंबरातल्या रविवारी सकाळी सातपासूनच यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. पुण्या-मुंबईची माणसं कास पठारावरची फुलं बघायला निघालेली असतात. दुपारपर्यंत फुलं बघून होतात, फोटो काढून होतात, जेवण बऱ्याचदा महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलात होतं आणि रात्री मंडळी आपापल्या घरी पोहोचतात. चार माणसांच्या कुटुंबाचे यात समजा पाच हजार रुपये गेले. इंधनाचे पैसे तेल कंपनीकडे, टोलचे टोलवाल्याकडे, जेवणाचे हॉटेलमालकाकडे. पठाराच्या आजूबाजूच्या गावांना प्रवेश शुल्क, दोन कणसं आणि चार चहा, एवढंच मिळतं. प्लास्टिकच्या बाटल्या आणि घाटातली कोंडी मात्र त्यांच्याच वाट्याला येते. त्या कोंडीत कधी बाळंतपणाला निघालेली गाडीही अडकते.

पर्यटन वाढलं की जिल्ह्याचा विकास होतो, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. किती पर्यटक आले याचे आकडे आपण मोजतो. आलेल्या रुपयातले किती पैसे इथे थांबले आणि ते कुणाच्या हातात पडले, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या दृष्टीनं खरा हिशेब तोच आहे. जे नवे उद्योग हा वाटा वाढवतात आणि डोंगर-पाण्याची झीज कमी करतात, त्यांना पाठबळ द्यायला हवं, यावर बहुतेकांचं एकमत होईल. पाठबळ द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, इथे मात्र गाडी अडते.

आधी दोन कल्पना स्पष्ट करून घेऊ. शाश्वत विकासाची व्याख्या १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालानं जगापुढे ठेवली: आजच्या गरजा अशा भागवायच्या की पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर गदा येणार नाही. पर्यटनाला ही व्याख्या लावली की अर्थ सरळ होतो. जे बघायला माणसं येतात, ते बघण्यानंच संपून जाऊ नये. संयुक्त राष्ट्रांनी २०१७ हे वर्ष विकासासाठी शाश्वत पर्यटनाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून आपल्याकडच्या धोरणांतही ही भाषा रुळली.

समावेशक पर्यटनाला दोन बाजू आहेत आणि आपण सहसा एकीचाच विचार करतो. एक बाजू पाहुण्याची: चाकाच्या खुर्चीवरची व्यक्ती, अंध व्यक्ती, गुडघे धरलेली आजी, तान्हं मूल घेतलेली आई, एकटीनं फिरणारी मुलगी, यांना फिरता येतं का? दुसरी बाजू यजमानाची: भूमिहीन कुटुंब, पठारावर पिढ्यान् पिढ्या गुरं राखणारे धनगर-गवळी, विधवा बाई, गावकुसाबाहेरची वस्ती, यांना या धंद्यात शिरकाव मिळतो का? पहिली बाजू रस्ता, पायऱ्या आणि स्वच्छतागृहांची आहे. दुसरी मालकीची आहे आणि ती जास्त अवघड आहे.

बोटभर माती

कासचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे, कारण मर्यादा म्हणजे काय हे तिथे डोळ्यांना दिसतं. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवरचं हे पठार म्हणजे जांभ्या खडकाचा सपाट माथा, आपल्या भाषेत सडा. या खडकावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरही नसतो. इतक्या निकस मातीत काही वनस्पतींनी जगण्याची वेगळीच वाट काढली आहे. सीतेची आसवे हे निळं-जांभळं नाजूक फूल आणि दवबिंदू ही चिकट थेंबांची वनस्पती, दोन्ही कीटकभक्षी. मातीतून मिळत नाही ते नत्र त्या किड्यांकडून घेतात. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात तर साताराच आहे. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. इथल्या फुलझाडांच्या ८५० हून अधिक जातींची नोंद आहे.

इथली बरीच फुलझाडं एका हंगामाची आहेत. पावसात उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि मरतात. पुढच्या वर्षीचं सगळं पठार त्या बोटभर मातीतल्या बियांमध्ये झोपलेलं असतं. फोटोसाठी कुणी ताटव्यात बसलं, त्याच जागी पाठोपाठ शंभर जण बसले, की माती दबते, पाणी मुरण्याची रीत बदलते, बी पडण्याआधी रोप मोडतं. नुकसान दिसतं ते पुढच्या वर्षी, आणि तोवर करणारा कोण होता हे कुणालाच ठाऊक नसतं.

२०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात महाराष्ट्रातली चार होती: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यानंतर गर्दी उसळली. पुढे हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा ठरवली गेली, ऑनलाइन नोंदणी आली, आणि पठारालगतच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या वन विभागाबरोबर व्यवस्था बघू लागल्या. गावातली पोरं-पोरी रक्षक आणि गाइड म्हणून उभी राहिली. उणिवा आहेत, रविवारी ताण येतोच. तरीही मर्यादा, शुल्क आणि स्थानिकांच्या हाती व्यवस्था, या तीन गोष्टी एकत्र आल्यावर काय जमू शकतं याचा हा आपल्या अंगणातला नमुना आहे. नव्या उद्योगांचं काम इथून पुढे सुरू होतं. रविवारची जागा ज्याला मिळाली नाही, त्याला मंगळवारी कोण आणणार? पठार बघून झाल्यावर त्याला मुक्कामाला कुठे ठेवणार? ऑक्टोबरात फुलं सरली की त्याच गाइडनं पोट कशावर भरायचं?

वाढ हवी, पण कुठल्या दिशेनं?

स्टार्टअप आणि साधा धंदा यांत फरक असतो. कोयना जलाशयाच्या काठावरच्या बामणोलीत एखाद्यानं खानावळ काढली तर तो व्यवसाय झाला, आणि चांगलाच झाला. त्या परिसरातल्या पंधरा वाड्यांमधली घरं, बोटी, गाइड आणि जेवण एका नोंदणी व्यवस्थेत आणून कुणाकडे किती पाहुणे जातील याची पाळी लावणारी, आणि उद्या तीच पद्धत पाटण तालुक्यात किंवा सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्यात नेऊ शकणारी कंपनी म्हणजे स्टार्टअप. म्हणजे एका ठिकाणी सापडलेलं उत्तर अनेक ठिकाणी लावता यायला हवं.

इथेच एक मोठी अडचण आहे, आणि पाठबळाबद्दलच्या भाषणांत ती कुणी बोलत नाही. गुंतवणूकदाराला वाढ हवी असते. पाच वर्षांत दहापट झालं पाहिजे, असं त्याचं गणित. सडा मात्र दहापट होत नाही. वासोटा किल्ल्यावर जायला वन विभागाची परवानगी लागते, रात्री वर मुक्कामाला बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. २०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो प्रकल्प झाला. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. या ठिकाणी माणसं वाढवून धंदा वाढवणारी कंपनी कितीही हिरवा रंग लावून आली, तरी ती शाश्वत नव्हे.

मग वाढायचं कसं? आडवं वाढायचं. एकाच ठिकाणी दुप्पट माणसं आणण्याऐवजी दुप्पट ठिकाणी आणि दुप्पट महिने तीच माणसं फिरवायची. सातारा जिल्हा यासाठी जणू बनलेलाच आहे. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. पश्चिमेचा हंगाम आणि पूर्वेचा हंगाम वेगळा. शिखर शिंगणापूर, मायणीचा पक्षी तलाव, माणदेशी घोंगडी विणणारी घरं, हिवाळ्यातली हुरड्याची शेतं, यांच्याकडे पुण्याचा पर्यटक फारसा फिरकत नाही. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर बघून माणसं थक्क होतात, पण पाऊण तासात निघून जातात, कारण पुढे काय करायचं हे सांगणारं तिथे कुणी नसतं. वाईचे घाट, मेणवलीचा वाडा, खंडाळा तालुक्यातलं सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव, यांची गुंफण करून दोन दिवसांचा नीट मुक्काम आखणं हे कौशल्याचं काम आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपला प्रतापगड आहे. तिथे गर्दी वाढणार हे उघड आहे. ती वाढण्याआधी पायथ्याच्या गावांची तयारी करायची की कासला केली तशी नंतर धावपळ करायची, हे आत्ताच ठरवता येईल.

भिलारकडेही बघावं. ४ मे २०१७ रोजी पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरी पिकवणारं गाव 'पुस्तकांचं गाव' झालं. गावकऱ्यांनी घरातल्या खोल्या, ओसऱ्या पुस्तकांसाठी दिल्या. वाचायला पैसे पडत नाहीत. राहायचं, जेवायचं तर त्याच घरांत सोय होते. डोंगर न फोडता, नवं काही न बांधता, गावात यायला एक कारण तयार झालं. कल्पना सरकारी यंत्रणेनं राबवली हे खरं, पण पाहुण्याचा पैसा घराघरांत जातो हे त्यातलं घेण्यासारखं आहे.

पैसा: कुठला, केव्हा, कुणाला

बाहेरून येणारा पैसा ढोबळमानानं तीन प्रकारचा असतो. अनुदान परत करावं लागत नाही, पण ते उशिरा येतं आणि अटींसह येतं. कर्ज परत करावं लागतं, व्याजासकट. भागभांडवल देणारा माणूस मालकीतला हिस्सा घेतो आणि धंदा बुडाला तर त्याचाही पैसा बुडतो. कल्पना तपासून बघायची असेल, म्हणजे लोक खरोखर या सहलीसाठी पैसे मोजतील का एवढंच कळून घ्यायचं असेल, तर अनुदान योग्य. खोली दुरुस्त करायची, बोट घ्यायची, तर कर्ज. सॉफ्टवेअर उभारून पन्नास गावांत जायचं असेल, तर भागभांडवल. गावातल्या होमस्टेवाल्या ताईंना भागभांडवल शोधायला पाठवणं जितकं चूक, तितकंच नोंदणी व्यवस्था उभारणाऱ्या तरुणाला मुद्रा कर्जाच्या रांगेत उभं करणं चूक.

योजना पुष्कळ आहेत. केंद्राची स्टार्टअप इंडिया मोहीम जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात मान्यता मिळते ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), नोंदणीकृत भागीदारी अशा नोंदणीकृत संस्थांना. एकट्याच्या मालकीचं दुकान त्यात बसत नाही, आणि गावाकडचे बहुतेक व्यवसाय नेमके तसेच असतात. २०२१ साली आलेल्या बीज निधी योजनेत इन्क्युबेटरमार्फत कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय झाली. इन्क्युबेटर म्हणजे नव्या कंपनीला जागा, सल्ला, ओळखी आणि कधी पैसा देऊन पायावर उभं करणारी संस्था. छोट्या व्यवसायांसाठी मुद्रा कर्ज आहे: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख. आधीचं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या नव्या उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग वगैरेंना ३५ टक्के अनुदान अशी रचना आहे.

महिलांसाठी पर्यटन संचालनालयाचं 'आई' धोरण २०२३ साली आलं. त्यात पर्यटन व्यवसायातल्या महिलेनं १५ लाखांपर्यंत कर्ज घेतलं तर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याजाचा परतावा मिळतो, सात वर्षं किंवा साडेचार लाख रुपये, जे आधी होईल तोवर. राज्याच्या अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत १ ते २५ लाखांचं साहाय्य आहे, मात्र कंपनीत महिलेचा वाटा किमान ५१ टक्के हवा आणि उलाढाल १० लाख ते १ कोटीच्या दरम्यान हवी. अटी आणि मुदती बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात आणि पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात ताजी माहिती घ्यावी. एजंटाच्या नादी लागू नये.

इतक्या योजना असूनही गाडी का अडते? कारण पैशाची वेळ आणि धंद्याची वेळ जुळत नाही. जावळीतल्या होमस्टेची वर्षाची निम्मी-अधिक कमाई दोन-तीन महिन्यांत होते. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. एप्रिल-मे महिन्यात विहीर आटलेली, पाहुणा नाही, आणि हप्ता समोर. दोन हप्ते चुकले की सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीला, डाग लागतो आणि पुढचं कर्ज बंद. ऊस उत्पादकाला आपण असं वागवत नाही. विकास सोसायटीचं पीककर्ज पीक निघाल्यावर फिटतं, कारखान्याच्या बिलातून वळतं होतं. पीक कधी हाती येतं हे सावकारीच्या जाचातून शिकूनच आपण सहकारात ही पद्धत बसवली. पर्यटनाचंही तसंच हंगामी पीक आहे. हप्ते हंगामाला बांधले, जून ते ऑगस्ट आणि एप्रिल-मे मुद्दलाचा हप्ता पुढे ढकलला, तर एक रुपयाही जास्तीचा न देता कितीतरी व्यवसाय तगतील. आपल्या सहकारी बँका आणि पतसंस्था हे ठरवू शकतात. मला विचाराल तर नव्या अनुदानापेक्षा ही एक सुधारणा आधी व्हायला हवी.

पहिलं गिऱ्हाईक

नव्या धंद्याला पैशाइतकीच, खरं तर जास्त, गरज असते ती पहिल्या गिऱ्हाइकाची. गिऱ्हाईक आलं की चुका कळतात, दर ठरतो, हात बसतो. महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहाची कल्पना म्हणूनच चांगली आहे: निवडलेल्या स्टार्टअपना बक्षिसाऐवजी शासनाच्या विभागाकडून कामाचा आदेश मिळतो. सुरुवातीच्या वर्षांत तो १५ लाखांपर्यंतचा होता. हेच जिल्हा पातळीवर का करू नये? जिल्हा परिषदेच्या शाळांच्या सहली, महाविद्यालयांची निसर्ग शिबिरं, सरकारी प्रशिक्षणांचे मुक्काम, यातला ठरावीक भाग गावपातळीच्या पर्यटन गटांकडून घ्यायचा असा नियम झाला, तर हंगाम नसतानाही काम मिळेल.

मोठ्या बुकिंग अॅपवर खोली टाकली की पाहुणे येतात, पण कमिशन कापून. समजा दोन हजारांच्या खोलीवर वीस टक्के कमिशन, म्हणजे चारशे रुपये पहिल्याच पायरीवर जिल्ह्याबाहेर गेले. घराला रंग नवा नाही, फोटो चांगले नाहीत, मालकिणीला मोडकं इंग्रजीही येत नाही, म्हणून ती यादीच्या तळाला राहते. गावांनी मिळून चालवलेली नोंदणी व्यवस्था, जिच्यात पाहुणा घर निवडत नाही तर गाव निवडतो आणि घर पाळीनं ठरतं, ही यावरची तोड आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव महोत्सवात पाहुणे गावातल्या घरांमध्येच राहतात, जेवतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं कासवांच्या संवर्धनाचं काम तिथे रुजवलं, आणि घरट्यांची राखण ही गावाच्या उत्पन्नाशी जोडली गेली. कासवाची अंडी सांभाळण्यात आता गावाचाच फायदा आहे.

एसटीचाही विचार करावा. महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. सातारा, वाई, मेढा, कोरेगाव, दहिवडी या आगारांच्या वेळापत्रकावर बेतलेल्या सहली कुणी आखल्या तर गाडी नसलेल्या बायका आणि म्हातारी माणसंही फिरतील आणि घाटातल्या गाड्याही कमी होतील. यासाठी लागणारं भांडवल किरकोळ आहे. लागते ती वेळापत्रकाची खात्री, आणि ती देणं महामंडळाच्या हातात आहे. माझ्या मते हे सरकारी पाठबळच.

दार किती रुंद?

समावेशाबद्दल बोलताना मी नेहमी जोत्याकडे बोट दाखवते. आपल्याकडच्या जुन्या घरांचं जोतं दीड फूट उंच असतं. चाकाची खुर्ची स्वतःच्या बळावर चढवायला उताराचं प्रमाण एकास बारा असावं, असा मान्य निकष आहे. म्हणजे दीड फुटाला अठरा फूट लांबीचा उतार. अंगणात अठरा फूट सरळ जागा क्वचित असते, म्हणून तो वळवून घ्यावा लागतो, वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा ठेवावी लागते, आणि फरशी पावसात निसरडी होणार नाही अशी लागते. न्हाणीघराचं दार तीन फुटांचं नसेल तर उताराचा उपयोग शून्य. असं एक घर नीट करायला काही हजार ते लाख-दीड लाख खर्च येतो, आणि एका घराला तो झेपत नाही, कारण असा पाहुणा महिन्यातून एखादाच. पण पाच गावांत मिळून अशी पाच घरं असली, त्यांची खरी मापं आणि फोटो एका ठिकाणी मिळाले, तर पुण्या-मुंबईतली अशी कितीतरी कुटुंबं, जी आज कुठेच जात नाहीत, ती येतील. ती रविवारीच यावीत असंही नसतं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागांना हे बंधनकारक करतो. छोट्या घराला बंधन नको, या उतारासाठी छोटं, झटपट मिळणारं अनुदान हवं.

आता मालकीचा प्रश्न. कर्जाला तारण लागतं, तारणाला घर-जमिनीचा उतारा लागतो, आणि त्या उताऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. जेवण घरातली बाई करते, पाहुण्याचं हवं-नको ती बघते, खात्यावर पैसे दुसऱ्याच्या जातात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावता येतं. होमस्टेच्या कोणत्याही योजनेत ही अट घातली तर पहिल्या वर्षातच फरक दिसेल. प्रशिक्षणही तिच्या वेळेला आणि तिच्या गावात व्हायला हवं. माण तालुक्यातल्या म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं ग्रामीण महिलांची माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, आणि माणदेशीनं व्यवसायाचं शिक्षण बसमधून वस्तीवर नेलं. ज्या तालुक्यात पाऊस नव्हता तिथे हे झालं. कोयनेच्या काठावर का होऊ नये?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. गावात होमस्टे आले की आधी त्यांना मिळतात ज्यांची घरं मोठी, रस्त्यालगतची, आणि ज्यांच्या हातचं खायला कुणी का-कू करत नाही. दलित वस्तीतली, गवळ्यांच्या पाड्यावरची घरं यादीतच येत नाहीत. पाहुण्यानं मागितलं नाही, असं कारण दिलं जातं. म्हणून पाळीची पद्धत लेखी असावी, सगळ्या वस्त्यांना लागू असावी, आणि ज्याच्याकडे खोलीच नाही त्याला वाट दाखवण्याचं, बोटीचं, स्वयंपाकाचं, धुण्याचं काम ठरलेल्या दरानं मिळावं. जो स्टार्टअप ही यादी दाखवू शकत नाही, त्याला समावेशक म्हणून सवलत देऊ नये.

जावळी-पाटणच्या खोऱ्यांतून तरुण पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेले, माथाडी झाले, गिरण्यांत गेले. कोयनेच्या पाण्याखाली जमिनी गेल्या त्यांना दुसरी वाटही नव्हती. त्यांची कुलूपबंद घरं आजही उभी आहेत. त्या घरांचा मुक्काम होणं आणि परत येऊ पाहणाऱ्या नातवाला तिथे काम मिळणं, यासाठी या सगळ्या खटाटोपाला अर्थ आहे. नाहीतर तीच जमीन बाहेरचा माणूस घेतो, तिथे रिसॉर्ट होतो, आणि नातू त्याच जमिनीवर पहारेकरी म्हणून उभा राहतो.

पाटीवर 'इको' लिहिलं म्हणून

पाठबळ देणाऱ्यानं, मग तो सरकारी अधिकारी असो, बँक असो की दहा हजार रुपये गुंतवणारा नातेवाईक, चार साधे प्रश्न विचारावेत. सांडपाणी कुठे जातं? शोषखड्डा आहे की ओढ्यात सोडलंय? उन्हाळ्यात पाणी कुठून आणता, आणि त्या टँकरमुळे वाडीचं पाणी तुटतं का? कामावरच्या माणसांपैकी किती जणांना जूनमध्येही पगार मिळतो? आणि ग्रामसभेचा ठराव आहे का? या प्रश्नांना सरळ उत्तर नसेल तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो. वीज हा मुद्दा त्यामानानं सोपा झाला आहे. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. पाणी आणि कचरा हेच अवघड राहतात.

ग्रामसभेचा ठराव मी शेवटी लिहिला, पण काम तिथून सुरू करावं. किती पाहुणे, कोणत्या वाटेनं, रात्री किती वाजेपर्यंत आवाज, देवराईत जायचं की नाही, हे गावानं आधी ठरवलं की कंपनीलाही बरं पडतं. नंतरची भांडणं टळतात.

कुणाला हे काम सुरू करायचं असेल त्यानं कंपनी नोंदवण्याआधी एक हंगाम नुसता चालवून बघावा. दोन-तीन घरं, एक गाइड, वीस-पंचवीस पाहुणे, आणि वहीत प्रत्येक रुपयाची नोंद: कुठून आला, कुणाकडे गेला. ही वही कोणत्याही प्रकल्प अहवालापेक्षा बँकेला आणि इन्क्युबेटरला जास्त पटते. बचत गट आधीच असेल तर त्याच्याच नावानं सुरुवात होऊ शकते.

आणि आपण, म्हणजे शहरात राहणारे सातारकर आणि पुण्या-मुंबईला गेलेले सातारकर, पाठबळ देऊ शकतो ते असं: पुढच्या वेळी कार्यालयाची सहल, मित्रांचं संमेलन, आई-वडिलांचा फिरण्याचा बेत असेल तेव्हा मधला वार निवडा आणि गावातल्या गटाला थेट फोन करा. निम्मे पैसे आगाऊ पाठवा, कारण वीस माणसांचा किराणा भरायला त्यांच्याकडे खेळतं भांडवल नसतं. दरात घासाघीस करू नका. आणि जेवणात, अंथरुणात, वाटेत काही खटकलं तर अॅपवर एक तारा देऊन मोकळं होण्याआधी ते त्या ताईंना समोर बसून सांगा.